खपलीचा वाटा

मु. बाभुळखेडे, ता. पारनेर, जि. नगर
ता. १५ मार्च १९४५

चि. यशया यास दयाअक्काचा प्रभूमध्ये प्रेमाचा सलाम.

आम्ही इकडे सुखरूप आहोत. खानदेशातले ऊन, तुमचे सरकारी फार्म आणि खाणावळीचा डबा ही तिन्ही तुला मानवोत, अशी रोज प्रार्थना करते. तुझे दाजी शाळेच्या परीक्षांत गुंतले आहेत. मी नणंदेच्या बाळंतपणासाठी नगरला जाऊन आले. मुलगी झाली, नाव अजून ठरायचे आहे. कागद मिळेनासा झालाय, म्हणून बारीक अक्षरात लिहिते. डोळे ताणून वाच. बाबा बरे आहेत.

आता तुझ्या गव्हाचे. आनंदाचे आधी लिहिते, कारण ते खरोखर आनंदाचे आहे.

तुझे म्हणणे खरे निघाले. तू खपली गव्हाचा बन्सी गव्हाशी संकर केलास, खपलीला तांबेरा लागत नाही आणि बन्सीचे पीक भरघोस येते म्हणून. पहिल्या वर्षी त्याचे एकूण एक रोप तांबेऱ्याने लाल झाले आणि तुझे साहेब म्हणाले, फेकून दे. तू फेकले नाहीस. त्या लाल रोपांचे बी पुडीत बांधून मला पाठवलेस. मी ते विहिरीखालच्या वाफ्यात वितीवितीवर एकेक दाणा टोकून लावले. भोवती तू सांगितलीस तशी साध्या बन्सीची ओळही लावली, तांबेरा हमखास यावा म्हणून. ती लावताना मात्र हात अडखळला रे. आजवर रोग टळावा म्हणून गुडघे टेकले, आणि आता त्यालाच पाट मांडायचा! शेजारचे सहादेव पाटील बांधावरून ओरडले, "दयाबाई, रोगाला आवतान धाडलं म्हनं! जेवायला काय करनार हाय?"

मी म्हटले, "गहूच वाढणार. पण सगळ्यांनाच पचेल असं नाही."

जानेवारीत ढगाळ दिवस आले आणि पाहुणा आला. आधी कडेची बन्सी रंगली, मग आतली रोपे. वाफ्यातून चालले की लुगड्याचा काठ भगवा होई. पण त्या लाल गर्दीत मधूनमधून हिरवीगार रोपे उभी. मोजली, हिशेब ठेवणारी बाई मी, न मोजून कशी राहीन? चारात एक, थोडे इकडे तिकडे. तू लिहिले होतेस तेवढेच.

त्यांचे पान उन्हात धरून पाहिले, तर सुईच्या टोकाएवढे फिकट ठिपके. तुझे जुने पत्र काढून पुन्हा वाचले. बुरशी जिथे शिरते तिथला तेवढा कण पान स्वतःच मारून टाकते, मग बुरशीला पुढे खायला मिळत नाही आणि ती उपाशी मरते. म्हणजे या पानांवरही तांबेरा आलाच होता. दारात येऊन उपाशी परत गेला. मी तिथेच वाफ्यात बसून देवाचे उपकार मानले.

आता दुसरे लिहायला हवे.

त्या हिरव्या रोपांच्या ओंब्या घरात नाहीत. वाफ्यातही नाहीत. चोरी झालेली नाही, गुरे शिरली नाहीत. मी नगरला असताना आपल्या मंडळीचा हंगामाचा सण झाला. तुला ठाऊकच आहे, त्या रविवारी पिकातले निवडक, निर्दोष तेच वेदीपुढे ठेवायचे आणि उपासनेनंतर लिंबाखाली त्याचा लिलाव करायचा. त्यात त्या ओंब्यांची पेंढी गेली. नेमकी तीच रोपे, एकही न चुकता. यंदा सगळ्या शिवारात तांबेरा, त्यामुळे बिनडागाची पेंढी ती एकच होती. लिलाव पुकारायला तुझे दाजी. मोठ्या हौसेने पुकारला म्हणे. पेंढी पाटलांच्या चांगुणाबाईंनी घेतली.

मी गुरुवारी आले, वाफा पाहिला आणि पिशवी खाली ठेवली न ठेवली तोच पाटलांकडे गेले. चांगुणाबाई चुलीपुढे मोठ्या पातेल्यात काहीतरी घाटत होत्या.

"चांगुणाबाई, सणातली पेंढी कुठाय?"

"ही काय," त्या म्हणाल्या, "तीन दिस भिजवली, आज वाटून चीक काढला. कुरडया घालती. येवढा सोज्वळ गहू, दया, येक डाग न्हाई बघ! माज्या गव्हात मिसळला तर समदा चीक पांढरा झाला. बस, वाटीभर खा गरम गरम. थकल्यावानी दिसतीस."

त्यांनी वाटी हातात दिली. वर साखर घातली, रेशनची साखर, त्यांच्या पोरांच्या वाटणीची. अन्न टाकायचे नाही, हे आईने शिकवले. मी डोळे मिटले, आशीर्वाद मागितला आणि खाल्ले. यशया, तुझी तीन वर्षांची मेहनत मी वाटीत घेऊन खाल्ली. चव चांगली होती. चिकाला हा गहू उत्तम आहे, एवढी नोंद तुझ्या फार्मावर करून ठेव. पोळीला कसा ते कळायला आता वेळ लागेल.

वेळ लागेल म्हणते, संपले म्हणत नाही. आता नीट वाच आणि माझे कुठे चुकत असेल तर सांग.

तू लिहिले होतेस की प्रत्येक रोपाजवळ या गुणाचे दोन वाटे असतात, एक आईकडून आलेला आणि एक बापाकडून. तांबेरा अडवायला दोन्ही वाटे खपलीचे लागतात. एक खपलीचा आणि एक बन्सीचा असला तर बन्सीची सरशी होते आणि रोप लाल पडते. पण खपलीचा वाटा मेलेला नसतो. मी जमाखर्चात पानाच्या शेवटी बाकी पुढे ओढते तसे हे मला वाटते. पान उलटले की आकडा दिसत नाही, म्हणून तो गेला असे होत नाही.

मग वाफ्यात उरलेली लाल रोपे टाकाऊ कशी? चारांतले एक दोन्ही वाट्यांचे, ते कापून गेले. एक असे, की ज्याच्याजवळ खपलीचे काहीच नाही. राहिली दोन, त्यांच्याजवळ एकेक वाटा आहेच. म्हणजे उरलेल्या प्रत्येक तिनांतल्या दोघांच्या पोटात तुझी खपली लपलेली आहे. कोणत्या दोघांच्या, ते आज बाहेरून ओळखू येणार नाही. पण प्रत्येक रोपाचे बी वेगळे ठेवले आणि पुढच्या ऑक्टोबरात वेगवेगळ्या ओळीत लावले, तर ज्या ओळीत पुन्हा हिरवी रोपे दिसतील तिच्या मूळ लाल रोपात खपली होती, हे कळेल.

तुझे दाजी म्हणतात, हे सुरकुतलेले दाणे कोंबड्यांना घाल. मी म्हटले, कोंबड्यांनी आधी मॅट्रिक व्हावे, मग मागावे.

हो की नाही, एवढे उलट टपाली कळव. कोणी कापले ते विचारू नकोस. ज्याने कापले त्याने वाईट हेतूने कापले नाही.

तुझी,
दयाअक्का


मु. बाभुळखेडे
ता. २० मे १९४५

चि. यशया यास सलाम.

तुझे पत्र मिळाले. दोन पाने राग आणि शेवटी एक ओळ, "अक्का, तुझा हिशेब बरोबर आहे, लावता येईल." मी ती शेवटची ओळ कापून देवघराच्या... पाहा, शेजारणीचे शब्द आपल्याही लेखणीत शिरतात! प्रार्थनेच्या फळीवर ठेवली, बाकीचा राग परत करते. "कोणत्या गाढवाने कापले ते कळल्याशिवाय मी पुढचे बी पाठवणार नाही आणि घरीही येणार नाही" असे तू लिहिलेस. बी तुझ्याजवळ नाहीच, ते माझ्याजवळ आहे, त्यामुळे ती धमकी फुकट गेली. घरी न येण्याची धमकी मात्र जुनीच आहे आणि ती तू पाळतोस, म्हणून आता सांगते.

ते गाढव तुझे आणि माझे वडील आहेत.

"बाबा बरे आहेत" एवढेच मी दर पत्रात लिहिते, कारण पुढचे तू वाचशील की नाही याची खात्री नसते. आज वाच.

मंदिरातला तो दिवस मीही विसरलेले नाही. बाबा व्यासपीठावरून प्रार्थना करत होते की मंडळीच्या पापामुळे आलेला तांबेरा प्रभूने दूर करावा, आणि तू मध्येच उठून म्हणालास, "बाबा, हा पापाचा दोष नाही, बियाण्याचा आहे." बाबांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "मग तुझ्या बियाण्यात दोष कुणाचा, तेवढं सांग." सगळी मंडळी हसली. तू टोपी घेऊन निघालास, तो आजवर गेलेलाच आहेस. तू गेल्यावर त्यांनी पुढची प्रार्थना केली, पण शेवटचे आमेन त्यांच्या तोंडून आले नाही. ते तुझ्या दाजींना म्हणावे लागले.

त्यांचे डोळे आता फार अधू झाले आहेत. मोतीबिंदू पिकल्याशिवाय मिशनचे डॉक्टर हात लावणार नाहीत. माणूस ओळखतात ते आवाजावरून. असे असताना त्यांनी शंभरावर रोपांतून नेमकी हिरवी कशी निवडली, हे मला पहिल्या दिवशी कळलेच नाही. विचारले तर म्हणाले, "बोटांनी."

यशया, ते रोज सकाळी काठी टेकत वाफ्यावर जात होते. मला वाटे, उन्हाला बसतात. ते एकेक रोपाच्या पानावरून अंगठा आणि बोट फिरवत, आणि बोट नाकाशी नेऊन, मग डोळ्यांशी अगदी जवळ धरून बघत. रंग लागला तर पुढे. न लागला तर त्या रोपाला धोतराची चिंधी बांधत. मी चिंध्या पाहिल्या होत्या. वाटले, पाखरांना घाबरवायला बांधल्या असतील.

सणाच्या दिवशी त्यांनी चिंधीची सगळी रोपे कापून पेंढी बांधली आणि स्वतः वेदीपर्यंत नेली. कोणाला हात लावू दिला नाही. पाळकसाहेबांनी विचारले, "मोझेस मास्तर, तांबेऱ्याच्या साली ही कुठली आणलीत?" बाबांनी दोन्ही हात वर करून मंडळीला दाखवले, बोटे पसरून. म्हणाले, "डाग बघा. आहे का? हा माझ्या यशयाचा गहू आहे."

हे मला तुझ्या दाजींनी सांगितले. ते म्हणाले, "अगं, मला वाटलं मास्तरांना ठाऊक असेल काय ठेवायचं अन् काय द्यायचं. आणि त्या वेळी त्यांना अडवायचं कुणी?"

बाबांचे चुकले, यात शंका नाही. बियाणे आणि नवस यांतला फरक त्यांना कोणी सांगितला नव्हता. सांगणारा तू होतास आणि तू इथे नव्हतास. जे सर्वांत निर्दोष ते द्यायचे, हे ते चाळीस वर्षे शिकवत आले. दुसरे काय करणार?

ती वाटी खाऊन मी घरी आले आणि त्यांच्यापुढे बसून सगळे सांगितले. लपवले नाही. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "म्हणजे मी त्याचं सगळं देऊन टाकलं?"

मी म्हटले, "सगळं नाही." आणि वाट्यांचे गणित त्यांना सांगितले, चार लिमलेटच्या गोळ्या हातात देऊन, दोन लाल आणि दोन हिरव्या. गणित संपल्यावर त्यांनी एक हिरवी तोंडात टाकली.

"लाल रोपाच्या आत हिरवं असतं म्हणतेस."

"तिनांतल्या दोघांत."

"आणि बाहेरून कळत नाही."

"कळत नाही."

"मी त्याला मंदिरात विचारलं होतं, दोष कुणाचा म्हणून," ते म्हणाले. "त्यानं तेव्हाच सांगायचं होतं, बाबा, तुमचा. मी ऐकून घेतलं असतं की नाही कोण जाणे. आडमुठेपणाचे दोन्ही वाटे त्याला माझ्याकडूनच गेलेत. त्याच्या आईकडे तो गुण नव्हता." एवढे बोलून हसले. त्यांना हसताना मी फार दिवसांनी पाहिले.

दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी लाल रोपे मळायला घेतली. एका वेळी एकच रोप, पितळी ताटात, दाणा इकडचा तिकडे होऊ नये म्हणून दार लावून. पुड्यांना कागद कुठून आणायचा, हा प्रश्न पडला. वाण्याकडे रद्दीसुद्धा नाही. तर त्यांनी आपल्या पेटीतून उपदेशांची बाडे काढली आणि पाने फाडायला लागले. मी ओरडले, "बाबा, हे तुमचं जन्माचं काम!" म्हणाले, "मला आता वाचता येत नाही, आणि ऐकून ऐकून मंडळीला पाठ झालंय." तुझे बियाणे आज त्यांच्या अक्षरात गुंडाळून डब्यात कडुलिंबाच्या पाल्यात ठेवले आहे. एकेका रोपाची एकेक पुडी.

आता राग धरायचा असेल तर धर, पण मला कळव की ओळींत किती अंतर ठेवू आणि कडेची रोगट बन्सी यंदा एका बाजूला लावू की चारी.

त्यांना दोन ओळी लिही, असे मी म्हणत नाही. त्यांना वाचून मीच दाखवणार, तेव्हा ओळी मोठ्या अक्षरात नसल्या तरी चालतील.

तुझी,
दयाअक्का


मु. बाभुळखेडे
ता. २४ फेब्रुवारी १९४६

चि. यशया यास अनेक आशीर्वाद.

तू बाबांना लिहिलेस ते पोचले. चार महिने लावलेस, पण लिहिलेस. मी ते तीनदा वाचून दाखवले. चौथ्यांदा मी अडखळले, तर पुढचा शब्द त्यांनीच सांगितला.

आता काम. पाकीट घराबाहेर, फार्मापासून लांब उघड. का ते शेवटी कळेल.

सुरकुतलेल्या दाण्यांपैकी पुष्कळसे उगवलेच नाहीत. काही ओळींत जेमतेम पाच-सहा रोपे. दाजी म्हणाले, "कोंबड्यांनी बरं केलं असतं." नोव्हेंबरात मलाही रात्री तसेच वाटून झोप येईना. तरी पाणी तोडले नाही. घरातल्या मिरचीच्या वाफ्याचे तोडले, तुझ्या ओळींचे नाही. यंदा मिरची विकत घ्यावी लागेल, तो खर्च मी तेलात वाचवीन.

तांबेरा गेल्या महिन्यात आला. पहिल्यांदा सगळ्या ओळी सारख्याच रंगल्या असे वाटले. बाबा म्हणाले, "मला ने." मी त्यांचा हात धरून ओळीच्या तोंडाशी बसवले. ते ढोपरांवर सरकत पुढे गेले, बोटे फिरवत. पहिली ओळ सगळी लाल. दुसरीही लाल. तिसऱ्या ओळीत मध्यावर थांबले, बोट डोळ्यांशी नेले, दुसऱ्या हाताचे बोट लावून पाहिले, आणि मला हाक मारली, "दया, इथं बघ गं, मला फसवतंय का काहीतरी."

फसवत नव्हते. हिरवे होते. पानावर तेच सुईच्या टोकाएवढे ठिपके.

खपली आली, यशया. कितीतरी ओळींत आली. काही ओळींत मुळीच नाही, जशी यायला नको तशीच. ज्या ओळींत आली तिथे चाराला एक, कुठे थोडे कमी. हिरव्यांतली दोन-तीन तर बन्सीसारखी भरदार ओंबी धरून उभी आहेत. सहादेव पाटील बांधावर बसून बघतात. काल म्हणाले, "दयाबाई, औंदा पावन्याला उपाशी धाडलंस म्हनायचं!" आणि चांगुणाबाईंनी विचारले, "कुरड्यांना घावंल का गं वाईच?" मी म्हटले, तुमच्या नातवाच्या लग्नाला. त्यांना अजून सून नाही.

कोणी ओंबीला हात लावू नये म्हणून बाबा सबंध दिवस बांधावर काठी घेऊन बसतात. पाळकसाहेब पाहायला आले तर त्यांनाही आत सोडले नाही. "साहेब, तुमच्या मंदिरात मी चपला काढतो, इथं तुम्ही बांधावर उभे राहा."

हंगामाचा सण २४ मार्चला आहे. वेदीपुढे काय ठेवायचे, हे बाबांनी ठरवले आहे आणि पाळकसाहेबांना सांगूनही टाकले आहे. ते लाल रोपांची पेंढी नेणार. तांबेऱ्याची, डागांची, हलक्या दाण्याची. साहेब म्हणाले, "मास्तर, चाळीस वर्षं निर्दोष ते द्या म्हणून तुम्हीच शिकवलंत." बाबा म्हणाले, "गेल्या साली निर्दोष दिलं ते कुरडयांत गेलं. उपकार मानायचे तर ज्यानं आत राखून ठेवलं त्याचेच मानू द्या." वेदीवरचे पांढरे कापड खराब होईल म्हणून पाळकीणबाई कुरकुरत आहेत. मी धुऊन देईन म्हटले आहे.

हिरवी रोपे कापायची राहिली. ती बाबा कापणार नाहीत, मी कापणार नाही. विळ्याला धार लावून तो आढ्याला टांगला आहे. कोणत्या रोपाचे बी ठेवायचे, कशाशी पुन्हा संकर करायचा, हे तुझे काम आहे, आमचे नाही. आमचे काम झाले. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यानंतर ओंब्या झडायला लागतील. रजा मागू नकोस, घे. नगरहून पारनेरला सर्व्हिस मोटार सकाळची आहे, तिथून दाजी बैलगाडी घेऊन येतील.

बाबांना म्हटले, खाली सही करा. ते वाफ्यातून नुकतेच आले होते. टाक हातात दिला, तर कागदाची कड सापडेना. मग तसाच अंगठा टेकवला. खाली भगवा ठसा दिसेल तो चहाचा डाग नाही. बाहेर उघड म्हटले ते त्यासाठी, तांबेऱ्याची पूड फार्माच्या गव्हावर उडू नये म्हणून. पण झटकू नकोस.

वाट पाहणारी,
तुझी दयाअक्का
आणि खाली, बाबा